दुमजली अपूर्णांक: आधी लांब रेघ ओळखा

२०१९ मध्ये ८÷२(२+२) हे एवढंसं गणित सोशल मीडियावर जगभर फिरलं. कुणाचं उत्तर १६, कुणाचं १, आणि दोन्हीकडचे लोक हिरिरीने भांडत होते. त्याची भावंडं अजूनही पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून उगवतात. खरं म्हणजे भांडण्यासारखं त्यात गणित काहीच नाही, गोंधळ आहे तो लिहिण्यात. भागाकाराच्या चिन्हाचा अंमल कुठवर चालतो, ते लिहिणाऱ्याने सांगितलेलंच नाही. तेच गणित आडवी रेघ मारून लिहिलं असतं, तर रेघेखाली काय आहे ते उघड दिसलं असतं आणि वाद उद्भवलाच नसता.

अर्थात रेघ एकच असेल तोवर. वर अपूर्णांक, खाली अपूर्णांक आणि मध्ये आणखी एक रेघ, असं काही वहीत दिसलं की आठवी-नववीतली मुलं अडखळतात आणि शेजारी बसलेले आईबाबाही. या प्रकाराला इथे ‘दुमजली अपूर्णांक’ म्हणू: ज्याच्या अंशात, छेदात किंवा दोन्हींत पुन्हा अपूर्णांक आहे, असा अपूर्णांक. अंश म्हणजे रेघेच्या वरचा भाग, छेद म्हणजे खालचा. पाठ्यपुस्तकात जिथे एक्स असतो तिथे इथे क्ष आहे. स्क्रीनवर रेघांची लांबी नीट दाखवता येत नाही, म्हणून मुख्य रेघेसाठी ÷ आणि आतल्या छोट्या रेघांसाठी / वापरतो.

रेघ भागते, आणि कंसाचंही काम करते

१, २, ३ हे आकडे एकाखाली एक लिहा आणि मध्ये दोन रेघा मारा. वरची रेघ लांब असेल तर अर्थ होतो १ ÷ (२/३), म्हणजे ३/२. खालची लांब असेल तर (१/२) ÷ ३, म्हणजे १/६. आकडे तेच, क्रमही तोच, पण एक उत्तर दुसऱ्याच्या नऊ पट. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या काढल्या, तर त्या लिखाणाला अर्थच उरत नाही.

म्हणून पहिलं काम, मुख्य रेघ ठरवणं. ती सगळ्यांत लांब असते आणि बरोबरचं चिन्ह तिच्या समोर येतं. वहीत बरोबरचं चिन्ह छोट्या रेघेच्या पातळीवर घसरलं, की पुढच्या ओळीत मजले बदललेच म्हणून समजा. मुलांच्या वह्यांत या प्रकरणातल्या कितीतरी चुका बीजगणिताच्या नसतात, रेघ मारण्याच्या असतात. अशा वेळी पट्टी घेऊन मुख्य रेघ मारायला लावणं हा रटाळ वाटणारा, पण गुणकारी उपाय आहे.

ही मुख्य रेघ दोन कामं करते. ती भागाकार सांगते, आणि तिच्या वरचं सगळं एका कंसात नि खालचं सगळं दुसऱ्या कंसात बांधून ठेवते. हे कंस लिहिलेले नसतात, पण असतात.

करायची परवानगी एकाच गोष्टीची

अपूर्णांकाची किंमत न बदलता त्याचं रूप बदलायचं असेल, तर हाताशी एकच हत्यार आहे. संपूर्ण अंशाला आणि संपूर्ण छेदाला एकाच, शून्य नसलेल्या राशीने गुणायचं. १/२ चे ६/१२ होतात ते याच नियमाने. सहाने भागून ६/१२ चा पुन्हा १/२ करणं म्हणजे १/६ ने गुणणं, तेव्हा तोही हाच नियम झाला.

आकड्यांचं उदाहरण घेऊ:

(१/२ + १/३) ÷ (३/४ − १/६)

आत चार छोटे छेद आहेत: २, ३, ४, ६. त्यांचा लसावि, म्हणजे या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी सर्वांत लहान संख्या, १२ आहे. वरच्या कंसाला १२ ने गुणा: ६ + ४ = १०. खालच्या कंसाला १२ ने गुणा: ९ − २ = ७. उत्तर १०/७. छोट्या रेघा एकाच फटक्यात गेल्या.

शाळेत सहसा दुसऱ्या वाटेने नेतात. वर समच्छेद करून ५/६, खाली समच्छेद करून ७/१२, मग खालचा उलटा करून गुणायचं: ५/६ × १२/७ = ६०/४२ = १०/७. उत्तर तेच, पण समच्छेद दोनदा करावा लागला आणि शेवटी संक्षेप द्यावा लागला.

अक्षरं आली की

(२ + १/क्ष) ÷ (३ − १/क्ष)

छोटा छेद एकच, क्ष. वर-खाली क्षने गुणलं की (२क्ष + १) ÷ (३क्ष − १). एवढंच.

इथली नेहमीची चूक म्हणजे (२ + १) ÷ (३ − १) लिहून ३/२ उत्तर काढणं. म्हणजे ज्या पदाखाली क्ष होता त्यालाच क्षने गुणलं, २ आणि ३ तसेच राहिले. नियमातला ‘संपूर्ण’ हा शब्द निसटला. ही चूक डोळ्यांना खटकत नाही, कारण उत्तर फार सुबक दिसतं. ती टाळायला पूर्ण पदांखालीही १ लिहायचा, २/१ आणि ३/१, आणि गुणण्याआधी दोन्ही कंस स्पष्ट लिहायचे.

ताळा करायचा तर क्षच्या जागी एखादा आकडा घालून पाहायचा. क्ष = २ घातला तर मूळ गणितात वर २½, खाली २½, म्हणजे उत्तर १. आपल्या उत्तरात ५ ÷ ५ = १, जुळलं. चुकीचं उत्तर मात्र ३/२ च राहतं, म्हणजे पकडलं गेलं. पण क्ष = १ घालून ताळा केला असता, तर मूळ गणितही ३/२ देतं आणि चूक सहीसलामत सुटते. ताळ्यासाठी १ वापरू नये ते यासाठीच: एकाने गुणलं काय, न गुणलं काय, फरकच दिसत नाही. २, ३, ५ असे आकडे बरे.

आता जरा जड गणित:

[१/(क्ष−२) + ३/(क्ष+२)] ÷ [२/(क्ष²−४) + १/(क्ष−२)]

छेद वेगवेगळे तीन दिसतात, पण क्ष²−४ चे अवयव (क्ष−२)(क्ष+२) आहेत, तेव्हा लसावि तेवढाच. अवयव न पाडता तिन्ही छेदांचा गुणाकार घेतला तरी चूक होत नाही, पण पानभर विस्तार करून पुन्हा तेच अवयव शोधत बसावं लागतं. लसाविने गुणलं की वर (क्ष+२) + ३(क्ष−२) = ४क्ष − ४, आणि खाली २ + (क्ष+२) = क्ष + ४. उत्तर ४(क्ष−१) ÷ (क्ष+४). क्ष = ३ घालून बघा: मूळ गणितात ८/५ ÷ ७/५, म्हणजे ८/७, आणि उत्तरातही ८/७.

मग ‘उलटा करून गुणा’ चुकीचं आहे का?

मुळीच नाही, आणि ते आजचंही नाही. भागाकार करताना भाजकाचे अंश-छेद अदलाबदल करून गुणाकार करावा, हा नियम भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत स्पष्ट दिला आहे. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत अंशाखाली नुसता छेद लिहीत, मध्ये रेघही नसे.

उलटा करून का चालतं, ते मात्र वर्गात बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. ५/६ ÷ ७/१२ मध्ये वर आणि खाली १२/७ ने गुणा. खाली ७/१२ × १२/७ = १ होतो, आणि एकने भागणं म्हणजे काहीच न करणं. वर ५/६ × १२/७ उरतं. म्हणजे हाही ‘संपूर्ण अंशाला आणि संपूर्ण छेदाला एकाच राशीने’ याच नियमाचा अवतार आहे, वेगळा मंत्र नाही.

वर एकच अपूर्णांक आणि खाली एकच अपूर्णांक असेल, तर उलटा करून गुणणं सोयीचं. आत बेरीज-वजाबाकी दिसली, तर लसावि. मुलांना दोन्ही रीती यायला हव्यात हे खरं, पण एकच पक्की करायची झाली तर लसाविची करावी असं माझं मत आहे, कारण उलटण्याच्या रीतीत एक सापळा आहे: १ ÷ (१/अ + १/ब) दिसलं की हात आपोआप दोन्ही तुकडे वेगवेगळे उलटवतो आणि अ + ब लिहून मोकळा होतो. उलटायचा असतो तो एक अख्खा अपूर्णांक, बेरजेतलं एकेक पद नाही. अ = ६, ब = ४ घ्या. १/६ + १/४ = ५/१२, म्हणून खरं उत्तर १२/५, म्हणजे २.४. दहाच्या आसपाससुद्धा नाही. घातांकाच्या वेशात आलं तरी, म्हणजे (अ⁻¹ + ब⁻¹)⁻¹ असं लिहिलं तरी, हे तेच गणित आहे आणि उत्तरही तेच: अब ÷ (अ + ब).

वरही क्ष, खालीही क्ष, मग काटाकाट का नाही?

(क्ष + ४) ÷ (क्ष + २) मध्ये क्षला क्षने काट मारून ४/२ = २ लिहिण्याचा मोह फार जणांना होतो. क्ष = ३ घातला की ७/५ येतं, २ नाही. काट मारणं म्हणजे वर-खाली एकाच राशीने भागणं, आणि भागायचं तर प्रत्येक पदाला भागावं लागतं. इथे क्ष हा बेरजेतला एक तुकडा आहे, सगळ्याचा अवयव नाही. अवयव असेल, म्हणजे उरलेल्या सगळ्याशी गुणाकाराने जोडलेला असेल, तेव्हाच काट. तेव्हा क्रम असा: आधी अवयव पाडायचे, मग कापायचं. कापाकापीची घाई हा या प्रकरणाचा सार्वत्रिक रोग आहे.

उत्तर सुटलं, आता अटी कशाला?

(१ − १/क्ष²) ÷ (१ + १/क्ष)

क्ष² ने गुणलं: (क्ष² − १) ÷ (क्ष² + क्ष). अवयव पाडले: (क्ष−१)(क्ष+१) ÷ [क्ष(क्ष+१)]. सामाईक अवयव गेला, उरलं (क्ष−१) ÷ क्ष.

या उत्तरात क्ष = −१ घाला. −२ ÷ −१, म्हणजे २. आता मूळ गणितात घाला: वर १ − १ = ०, खाली १ − १ = ०. शून्य भागिले शून्य, ज्याला किंमतच नाही. म्हणजे दोन राशी सगळीकडे सारख्या, एका जागी नाहीत. आपण (क्ष+१) ला काट मारली तेव्हा तो शून्य नाही असं गृहीत धरलं होतं. उत्तराच्या चेहऱ्यावर त्या गृहीतकाची खूणही राहत नाही, म्हणून ते आपणच शेजारी लिहायचं: क्ष ≠ ०, क्ष ≠ −१. आलेख काढला तर क्ष = −१ पाशी रेषेला एक बारीक भोक असतं.

अटी शोधायच्या त्या मूळ गणितावरून, पहिली ओळ लिहितानाच. दोन जागा तपासायच्या: प्रत्येक छोटा छेद, आणि मुख्य रेघेखालचा अख्खा भाग. (अ/ब) ÷ (क/ड) मध्ये ब आणि ड शून्य नकोत हे कुणीही सांगेल, पण क सुद्धा शून्य नको, कारण क शून्य झाला की मुख्य छेदच शून्य. हा क वरकरणी अंशात बसलेला असतो, म्हणून तो विसरला जातो. आधीच्या जड गणितात याच हिशेबाने तीन अटी येतात: क्ष ≠ २, क्ष ≠ −२, आणि मुख्य छेदामुळे क्ष ≠ −४.

हे जन्मात कुठे लागतं?

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या टाकीपाशी लागतं. महापालिकेच्या नळाने टाकी भरायला ६ तास, बोअरने ४ तास. दोन्ही एकदम सोडले तर? नळ तासाला १/६ टाकी भरतो, बोअर १/४. म्हणून वेळ = १ ÷ (१/६ + १/४). वर-खाली १२ ने गुणा: १२ ÷ (२ + ३) = १२/५ तास, म्हणजे २ तास २४ मिनिटं. उत्तर लहान आकड्यापेक्षाही कमी यायला हवं, ही इथली अक्कलहुशारीची तपासणी. ६ + ४ = १० लिहिणाऱ्याच्या मते दोन नळ सोडले की टाकी एका नळापेक्षा हळू भरते.

लीलावतीत असंच चार झऱ्यांचं गणित आहे. एकेकटा झरा विहीर भरायला एक दिवस, अर्धा दिवस, १/३ दिवस आणि १/६ दिवस घेतो. चारही एकदम सोडले तर किती वेळ? दिवसाला विहिरी भरतात १ + २ + ३ + ६ = १२, म्हणून वेळ १/१२ दिवस, म्हणजे दोन तास. इथे झऱ्यांचे वेळ मुळातच अपूर्णांक आहेत, त्यामुळे पूर्ण मांडलं तर हे तीन मजली गणित होतं.

सरासरी वेगाचंही तसंच. पुण्याहून साताऱ्याला जाताना सरासरी ताशी ६० किलोमीटर पडले, येताना खेड शिवापूरचा टोलनाका आणि कात्रज यांनी खाल्लेला वेळ धरून ताशी ४०. जाऊन-येऊन सरासरी ५० नाही. अंतर अ धरलं तर २अ ÷ (अ/६० + अ/४०). वर-खाली १२० ने गुणा: २४०अ ÷ (२अ + ३अ) = ४८. अ कटून गेला, म्हणजे सातारा असो वा कोल्हापूर, उत्तर ४८ च. कमी वेगात जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी तिकडे झुकते.

दरमहा ठरलेल्या रकमेची एसआयपी करणाऱ्याच्या पदरात हाच झुकाव फायदा बनून पडतो. एका महिन्यात युनिटचा भाव ६० रुपये, पुढच्या महिन्यात ४०. दर वेळी २,४०० रुपये गुंतवले तर ४० आणि ६० मिळून १०० युनिट येतात, ४,८०० रुपयांत. सरासरी भाव ५० असला तरी आपल्याला युनिट पडलं ४८ ला. म्हणून नफा होईलच असं नाही, भाव ३० वर घसरला तर तोटाच आहे. पण हे ४८ येतात कुठून, त्याचं उत्तर साताऱ्याच्या गणितात आहे.

दहावीच्या विज्ञानातलं भिंगाचं सूत्रही याच घरातलं. नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर, तर प्रतिमा किती अंतरावर? १/१० − १/१५ = १/३०. इथे थांबून ‘उत्तर १/३० सेंमी’ लिहिणारे पुष्कळ. ती प्रतिमेच्या अंतराची व्यस्त किंमत आहे, अंतर ३० सेंमी.

कॅल्क्युलेटर आहे की!

आहे, आणि तो सांगाल तेच करतो. टाकीचं गणित वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर कंस न घालता १ ÷ १ ÷ ६ + १ ÷ ४ असं दाबलं, तर ०.४१६… दिसतं. म्हणजे पंचवीस मिनिटांत टाकी भरली! कारण त्याने डावीकडून भागत जाऊन १/६ काढला आणि त्यात १/४ मिळवला. मुख्य रेघेखालचे अदृश्य कंस आपण त्याला दाखवलेच नाहीत. एक्सेलमध्येही तेच: रेघ तिरकी झाली की कंस स्वतः लिहावे लागतात, १/(१/६+१/४). आकड्यांच्या गणितात हे निभावतं. साताऱ्याच्या गणितात अ कटतो, उत्तर अंतरावर अवलंबून नाही, हे मात्र साध्या कॅल्क्युलेटरच्या २.४ किंवा ४८ मध्ये दिसत नाही.

मजले तीन-चार असतील तर

खालून वर यायचं. ३ + १/(७ + १/१६) घ्या. सगळ्यांत खालचं ७ + १/१६ = ११३/१६. त्याचा उलटा १६/११३. त्यात ३ मिळवले: ३५५/११३. दशांशात ३.१४१५९२९…, म्हणजे पायच्या किमतीशी दशांश चिन्हानंतर सहा घरं जुळणारा अपूर्णांक. वरून सुरुवात केली तर हात बांधल्यासारखे होतात, कारण खालचा भाग ठरल्याशिवाय वरचा ठरत नाही.

अकरावी-बारावीत गेलेल्यांना आणखी एक दुमजली अपूर्णांक भेटतो, आणि तिथे तो चुकला तर पुढचा धडाच अडतो. १/क्ष चा बदलाचा दर काढताना येतं (ह म्हणजे क्षमध्ये केलेला छोटासा बदल):

[१/(क्ष+ह) − १/क्ष] ÷ ह

लसावि क्ष(क्ष+ह). वर क्ष − (क्ष + ह) = −ह. हा कंस लिहिलाच पाहिजे, नाहीतर क्ष − क्ष + ह होऊन चिन्ह उलटतं. खाली ह × क्ष(क्ष+ह), कारण खालच्या ह ला छोटी रेघ नसली तरी त्यालाही गुणायचं आहे. आता ह हा दोन्हीकडे अवयव आहे, काट मारता येते: −१ ÷ [क्ष(क्ष+ह)]. मूळ रूपात ह शून्य करता येत नव्हता, कारण ० ÷ ० होत होतं. या रूपात ह शून्याच्या कितीही जवळ नेता येतो, आणि किंमत −१/क्ष² कडे सरकत जाते.